किर्कमोरची राही

राही येणार म्हणून चंदनाबाई सकाळी सहालाच उठल्या आणि अंगण झाडायला लागल्या. आदल्या संध्याकाळी झाडलेलंच अंगण ते. एकट्या बाईच्या अंगणात कचरा तो किती पडणार! पण हाताला काहीतरी हवं होतं. नवरा, म्हणजे गुरुजी, जाऊन सहा वर्षं झाली होती, शाळेतून निवृत्त होऊनही आता वर्ष होत आलं होतं. या घरात दिवसभरात आवाज करणारं म्हणजे एक कुकर आणि दुसरी पाल. जव्हारच्या माघातल्या थंडीत त्या खराटा टेकून उभ्या राहिल्या आणि स्वतःशीच मोठ्यानं म्हणाल्या, "आज सांगायचं. बस झालं."

मग कोणी ऐकलं की काय म्हणून त्यांनी शेजारी बघितलं. ऐकायला होतं कोण!

सांगायचं काय, ते या घराण्यातल्या फक्त चार माणसांना ठाऊक होतं. त्यातला एक, तारपा वाजवणारा देवजीकाका, कधीच मातीआड गेला. उरले तिघं. स्वतः चंदनाबाई, त्यांचा धाकटा भाऊ चंदू आणि देवजीकाकाची मुलगी राही. चंदूची बायको पुष्पलता पाचवी, पण तिनं ते नवऱ्याच्या पोटातून काढून घेतलेलं. ते धरायचं कशाला?

एकोणीसशे शहाऐंशी साली दाभोश्याच्या नाचाच्या मंडळाला विलायतेचं बोलावणं आलं होतं. तिथं किर्कमोर नावाच्या बंदराच्या गावात दर उन्हाळ्यात देशोदेशीच्या तरुण पोरांचा मोठा कला महोत्सव भरतो. आठ मुलगे, आठ मुली आणि देवजीकाका असं ठरलं. पासपोर्ट झाले. आणि निघायला नऊ दिवस उरले असताना राहीचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले. कावीळ. झाडपाला झाला, मंत्र झाला, पण पोरगी उठून बसेना. एक मुलगी कमी पडली तर नाचाची रांग मोडते, आणि नवा पासपोर्ट नऊ दिवसांत कुठून यायचा? मंडळाच्या सरांनी राहीच्या पासपोर्टवरचा फोटो पाहिला, समोर उभ्या असलेल्या तिच्या चुलतबहिणीकडं पाहिलं. तेच नाक, तेच कपाळ, तीच तेलानं चापून बसवलेली वेणी. सर म्हणाले, "चंदना, आजपासून तू राही."

झालं. चंदना राही होऊन विमानात बसली, आणि खरी राही दाभोश्याच्या घरात भिंतीकडं तोंड करून पडली.

परत आल्यावर चंदनाला शिक्षिकेची नोकरी लागली. सरकारी नोकरी, आणि पाठीमागं दुसऱ्याच्या पासपोर्टवरचा प्रवास! तोंडाला कुलूप लागलं ते लागलंच. ज्याच्याशी संसार केला त्या गुरुजींनाही कधी कळलं नाही की आपली बायको समुद्र ओलांडून आलेली आहे.

आणि आता चंदूच्या वेणूनं ते कुलूप नकळत हलवलं होतं.

वेणू नाशिकला कॉलेजात. दसऱ्याच्या सुमारास तिला मोबाईलवर एक फोटो दिसला. बंदराच्या पायऱ्या, करडं आभाळ, पुढं तारपा फुंकणारा म्हातारा, आणि त्याच्या मागं एक हसणारी मुलगी, जिच्या कमरेला धरून गोरी, काळी, पिवळी पोरांची रांग पार क्षितिजापर्यंत गेलेली. खाली लिहिलं होतं की महोत्सवाला पन्नास वर्षं होताहेत, आम्ही त्याचा इतिहास लिहितो आहोत, ही मुलगी आम्हाला हवी आहे. आमच्या नोंदीत एवढंच आहे: राही, गाव दाभोसा, जव्हार. वेणूनं बापाला फोन केला. आणि मोखाड्याच्या पंचायत समितीत तीस वर्षं फायली झाकणारा चंदू घाबरून म्हणाला, "ती? ती आपली वांगणीची राही आत्या!"

वेणूनं त्याच दिवशी कळवून टाकलं. वांगणीच्या राहीला फोन गेला. आणि राहीनंही, देवाशप्पथ, एका दमात सांगितलं, "हो, मीच ती."

* * *

दहाच्या एसटीनं मोखाड्याची मंडळी आली. चंदू दारातच बूट काढत म्हणाला, "ताई, त्या महोत्सवाचा इतिहास लिहिणाऱ्या बाई दोनला येणार मुंबईहून. तू चहापाण्याचं बघ. बोलायचं ते राही बोलेल."

"चंदू, मी आज खरं सांगणार आहे."

चंदूचा एक बूट हातातच राहिला. "झाकली मूठ सव्वा लाखाची, ताई. एकोणचाळीस वर्षं झाकलीस, आता उघडून काय मिळणार? वर तुझी पेन्शन कुणाच्या डोळ्यावर आली म्हणजे?"

"येऊ दे."

"पुष्पा, तू सांग हिला."

आता गंमत बघा. हीच पुष्पलता दिवाळीत चंदनाबाईंचा हात हातात घेऊन म्हणाली होती, "ताई, तुमचं ते तुमचं. तुम्ही गप्प बसू नका." पण त्यानंतर मुंबईहून पत्र आलं की राहीबाईंना जूनमध्ये किर्कमोरला यायचं आहे, खर्च आमचा, सोबत घरचं एक माणूस आणता येईल. आणि राही म्हणाली, मी वेणूला नेते. वारा फिरला की पुष्पलता फिरते असं म्हणणं बरोबर नाही. ती वाऱ्याच्या आधी फिरते.

"ताई," ती आवाजात मध घालून म्हणाली, "राहीवन्संनी आयुष्यात काय बघितलं हो? विटा नि चिखल. जाऊ दे बिचारीला. तुम्ही तर बघून आलात."

"मी बघून आले हे कुणाला ठाऊक आहे?"

"आम्हाला आहे ना!"

"तुम्हाला," चंदनाबाई म्हणाल्या.

वेणू ओसरीवर होती, ती आत आली. "काय बघून आलीस आत्या? कुठं?"

चंदूनं हातातला बूट कोपऱ्यात ठेवला, मग उचलून दुसऱ्या कोपऱ्यात ठेवला. वेणू काही कुकुलं बाळ नव्हती. तिनं मोबाईल काढला, तो फोटो मोठा केला, आत्याच्या तोंडाशी धरला. एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं.

"आई शप्पथ," ती म्हणाली. "ही तू आहेस."

"नाक बघ की," चंदनाबाई म्हणाल्या. "राहीच्या नाकाला उजवीकडं देवीचा वण आहे. लहानपणापासून. कोणी बघितलंच नाही, ना तेव्हा, ना आता."

वेणू खाली बसली. "मग मी नाही जात कुठं. राही आत्यानं पण नाही जायचं. जिचं आहे तिला मिळू दे."

"उचलली जीभ लावली टाळ्याला!" पुष्पलता कडाडली. "फॉर्म भरून झालाय तुझा!"

चंदनाबाईंना पोरीच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला. पण त्यांना तशी सवय राहिली नव्हती. त्या चहा टाकायला आत गेल्या.

* * *

राही बाराला आली. वांगणीहून वावर गावी, तिथून जीप, जीपमध्ये उभ्यानं. गुडघे गेले म्हणून यंदा ती वीटभट्टीवर गेली नव्हती. नाहीतर माघात ती घरी सापडायची नाही. ती मागच्या दारानं थेट स्वयंपाकघरात शिरली, नागलीच्या पिठाची आणि वालाच्या शेंगांची पिशवी ओट्यावर ठेवली, आणि पाटावर बसून शेंगा सोलायला लागली. कुणाच्याही घरी गेली तरी तिचे हात आधी काम शोधत. तिचे पंजे विटांनी भेगाळून गेले होते. चंदनाबाईंनी आपले हात पदराखाली घेतले.

"राहे, मी आज त्या बाईला सांगणार आहे."

शेंगा सोलणं थांबलं नाही. "सांग नं. तुझंच हाय ते. मी कवा म्हटलं माझं?"

"फोनवर म्हटलंस. 'मीच ती' म्हणालीस."

"म्हटलं खरं." राही ओशाळून हसली. "तोंडातून निंगूनच गेलं, बाय. इतकी वरीस सांगून सांगून जिभंला वळनच पडलंय. भट्टीवर सांजंची पोरां येत. राही आजी, इमानात बसल्याची गोठ सांग. कुना बाईला नवऱ्यानं मारलेलं असं, कुनाचं पोर तापानं फनफनलेलं असं. तवा मी गोठ सांगं. सांगता सांगता मीच जाऊन येई तथं. आता मना उमजत पन नाय, तू गेलतीस का मी."

"मी गेले होते."

"ठावं हाय. तूच सांगलीस नं मना. चार दीस शेतात बसून सांगत व्हतीस. 'नाव दिलंस, तं गोठ तरी घे,' असं म्हटलंस तू."

चंदनाबाईंना आठवलं. दाभोश्याच्या खाचरात आवणीचा चिखल, कावीळ नुकती उतरलेली राही बांधावर बसलेली, आणि आपण वाकून रोपं लावता लावता बोलतोय, बोलतोय. त्यानंतर आयुष्यात त्या तसं कधी बोलल्या नव्हत्या.

"तू सांग," राही म्हणाली. "मी आड नाय येनार. येकच इचारते. तुना शाळा व्हती, गुरुजी व्हते, हे घर हाय. समदा गाव तुना बाई म्हनतो. माझ्याकडं ती येक गोठ हाय. ती तू नेलीस, तं माझ्याकडं काय ऱ्हायलं?"

"आणि माझ्याकडं काय राहिलं होतं, राहे?" चंदनाबाईंचा आवाज चढला. बाहेर पुष्पलतेची बडबड एकदम थांबली. "शाळेतली पोरं भूगोल शिकताना विचारायची, बाई, तुम्ही समुद्र बघितलाय का? मी म्हणायची, चित्रात. चित्रात! गुरुजी शेवटी अंथरुणावर होते, मला म्हणाले, तुला कुठं न्यायचं राहून गेलं. मी तेव्हाही बोलले नाही. तुझ्याभोवती पोरं गोळा व्हायची, तू सांगायचीस. मी हे एकटीनं पोटात घेऊन बसले. माझंच आयुष्य मी चोरल्यासारखं लपवलं."

राहीनं शेंगांची टोपली बाजूला सारली. उठून तिनं चंदनाबाईंच्या पदराखालचा हात बाहेर काढला आणि आपल्या दोन्ही हातांत धरला. खरखरीत, ऊबदार हात होते ते. "तं सांग," ती हळूच म्हणाली. "आज सांगूनच टाक, चंदने."

* * *

शाल्मली नावाची ती बाई तिशीची, बोलायला साधी. गाडीतून उतरताच तिनं सगळ्यांना नमस्कार केला, राहीच्या तर पाया पडली. राही दोन पावलं मागं सरकली. चंदूनं लगबगीनं ओळखी करून दिल्या. "या आमच्या राहीताई. ही माझी मिसेस. ही वेणू, हिनंच तुम्हाला कळवलं. आणि ह्या बाई. इथल्या शाळेत होत्या." बाई. नाव त्यानं गाळलं. तीस वर्षांचा सराव.

चंदनाबाई खुर्चीत ताठ बसल्या. वाक्य तयार होतं: त्या फोटोतली मुलगी मी आहे. एवढंच. बाईनं आवाज टिपायचं यंत्र चालू केलं की म्हणायचं.

पण शाल्मलीनं आधी आपलंच सांगायला घेतलं. पंचाहत्तर साली किर्कमोरच्या एका संगीत शिक्षिकेनं हा महोत्सव सुरू केला. पहिल्या वर्षी तीनच देशांची पोरं होती, सगळी व्हायोलिनवाली. निजायला शाळेच्या वर्गात गाद्या. मग गाणारी आली, नाटकवाली आली, ऐंशीनंतर नाचणारी. कधी हॉल मिळेना, कधी नगरपालिका म्हणायची बंद करा. "पण शहाऐंशी सालानं तो महोत्सव तगवला, असं तिथले लोक म्हणतात. शेवटच्या दिवशी वादळानं वीज गेली. हॉलमध्ये चारशे पोरं अंधारात, कार्यक्रम रद्द झालेला. आणि तुमच्या वडिलांनी तारपा उचलला."

"तारप्याला कुठं लाइट लागते!" राही म्हणाली, आणि सगळे हसले.

"तुम्ही शेजारच्या मुलीचा हात आपल्या कमरेला लावलात, तिनं तिच्या शेजारच्याचा. रांग हॉलबाहेर पडली, गावातून थेट बंदरापर्यंत. राहीमावशी, तुम्हाला एक गोष्ट कुणी सांगितलीय का? त्या वर्षापासून दर वर्षी महोत्सव तसाच संपतो. सगळ्या देशांची पोरं कमरेला धरून बंदरावर जातात. कोरोनात महोत्सव भरला नाही, तर पोरांनी आपापल्या देशात, आपापल्या गल्लीत ती रांग केली. तिला तिथं 'राहीची रांग' म्हणतात."

चंदनाबाईंच्या कानात दडे बसल्यासारखं झालं. एकोणचाळीस वर्षं! त्या इथं पाढे घोकून घेत होत्या, पोषण आहाराची खिचडी चाखत होत्या, गुरुजींचं पथ्य करत होत्या, आणि तिकडं दर उन्हाळ्यात हजारो पोरं त्यांच्या मागून चालत होती. वर नाव राहीचं. त्यांनी तोंड उघडलं. पण वेणू त्यांच्याकडं इतकी टक लावून बघत होती की शब्द अडखळले, आणि तेवढ्यात शाल्मलीनं यंत्र राहीपुढं ठेवलं. "सांगा ना, मावशी. पहिलं काय आठवतं?"

राहीनं चंदनाबाईंकडं बघितलं. थांबली. वाट दिली तिनं. मग चंदनाबाई बोलत नाहीत म्हटल्यावर हळूहळू तिनं सुरुवात केली.

आणि काय सांगितलं तिनं! पावाला लावायचा तो नारंगी मुरांबा कसा कडू लागला, ते सांगितलं. रात्रीचे दहा वाजले तरी सूर्य मावळत नाही म्हणून बापूस म्हणाला, इथल्या कोंबड्यांनी झोपायचं कवा, ते सांगितलं. शेजारच्या गादीवर तुर्कस्तानची पोर होती, ती आईसाठी रडायची, तिची भाषा कळेना म्हणून तिचे केस विंचरून वेणी घातली, तर ती वेणी तिनं पंधरा दिवस सोडली नाही. "मंग लाइट गेली. बापसानं तारपा फुकला. तारप्याला पाठ नाय करायची, म्हणून बापूस पुढं, आमी मागं. बंदरावर अकरा पायऱ्या, सातवी तुटकी. मी वरडली, सातवी जपा! कुना समजनार? पन समद्यांनी सातवी वलांडली बघा."

चंदनाबाई ऐकत होत्या. कडू मुरांबा त्या विसरून गेल्या होत्या. तुर्कस्तानच्या पोरीचा चेहरासुद्धा पुसला गेला होता, तो आत्ता परत समोर आला, वेणीसकट. त्यांनी कुलूप लावून ठेवलेलं आत वाळून गेलं होतं, आणि राहीनं भट्टीच्या धुरात ते दर सांजेला पाणी घालून जगवलं होतं. इतकं हिरवंगार! त्यांना रडू यायला लागलं, आणि राग कुणावर धरायचा ते कळेना.

राही रंगात आली होती. "पन सुरवातीला लय येकली वाटं हो. पयले तीन दीस समदी 'राही, राही' हाका मारीत, मी वळूनच बघं नाय. वाटं, दुसऱ्याच कुना पोरीला बोलवितात. बापूसपन तेच नाव घेई, येकला असला तरी. रातची मी गोधडीत तोंड घालून सोताचं नाव सोताला सांगं, इसरून जाऊ नये म्हणून."

शाल्मली हसत लिहीत होती. लिहिता लिहिता तिचं पेन थांबलं.

"पण मावशी, राही तर तुमचंच नाव ना? मग वळला का नाहीत?"

पुष्पलतेनं चंदूकडं बघितलं, चंदूनं जमिनीकडं. राहीचं तोंड उघडंच राहिलं. तिला आपली चूक कळायला जरा वेळ लागला. कळली तेव्हा ती एकदम म्हातारी दिसायला लागली. बिचारी! जसं ऐकलं तसं सांगितलं होतं तिनं, एक कण न गाळता. खोटं बोलणाऱ्यानं जे पहिलं गाळलं असतं, तेच तिनं जपलं होतं. राहीनं चंदनाबाईंकडं बघून मान हलवली. सांग, म्हणाली ती मानेनंच. आता तू सांग.

वेणू पुढं सरकली. "आत्या, बोल."

वाक्य जिभेवर होतं. सकाळी खराट्याला सांगितलेलं, त्याच्या आधी कित्येक वर्षं उशीला सांगितलेलं. आणि चंदनाबाईंना एकदम वाटलं, अरे, त्या परमुलखात गोधडीत तोंड घालून आपण आपलंच नाव घेत होतो, हे जगात कुणाला ठाऊक होतं? या एका बाईला. आपण सांगून विसरलो. हिनं ते एकटेपणसुद्धा टाकून दिलं नाही, आपलं म्हणून वागवलं. हिच्या हातातून ते काढून घ्यायचं, आणि ठेवायचं कुठं? या झाडलेल्या अंगणात?

"मी सांगते," चंदनाबाई म्हणाल्या. वर्गात बोलायच्या तसा त्यांचा आवाज निघाला, स्वच्छ. "तिला राही म्हणून कोणी हाकच मारत नव्हतं. ते शाळेतलं नाव, पासपोर्टवर तेच लागलं. घरचं नाव वेगळं. घरी तिला चंदना म्हणायचे."

"अच्छा!" शाल्मलीचा चेहरा उजळला. "म्हणून! किती सुंदर आहे हे. हे पुस्तकात हवंच. राही, घरचं नाव चंदना." तिनं लिहून घेतलं, पुन्हा वाचून दाखवलं. "आणि बाई, तुमचं नाव राहिलं की."

चंदूनं डोळे मिटले.

"मला इथं सगळे बाईच म्हणतात," चंदनाबाई म्हणाल्या. "तेवढंच लिहा."

वेणू ताडकन उठून मागच्या अंगणात गेली. तिच्या मागं जायला पुष्पलता उठली, पण दारातूनच परत फिरली आणि काही न बोलता कप गोळा करायला लागली. एक कप तिच्या हातातून निसटला. तो चंदनाबाईंचा होता. पुष्पलता म्हणाली, "ताई, मी..." पण चंदनाबाईंना तिच्याकडून काही ऐकायचं नव्हतं.

* * *

वावरची शेवटची जीप पाचला सुटते. चंदनाबाई राहीला सोडायला स्टँडवर गेल्या. वेणूनं आत्याला दारात मिठी मारली होती, तिचे डोळे अजून लाल होते. जूनला ती राहीबरोबर जाईन म्हणाली होती. पण चंदनाबाईंनी सांगितल्यावर, आणि तेही नाइलाजानं.

जीप भरत आली होती. राही पिशवी छातीशी धरून उभी होती.

"असं कशाला केलंस, चंदने?"

"काय की. तुझ्यासारखं मला सांगता आलं नसतं."

"तथं जाऊन मी काय करू? मना काय ओळखू येनार?"

"सगळं ओळखशील. हॉलबाहेर डावीकडं वळलं की समुद्राचा वास येतो. वासामागं जायचं."

"ठावं हाय. मंग पायऱ्या."

"अकरा."

"सातवी तुटकी," राही म्हणाली. मग जरा थांबून, खालच्या आवाजात, "आन् तथं कुनी चंदना म्हणून हाक मारली तं?"

"तर वळायचं. लगेच वळायचं, राहे. मी तीन दिवस वळले नव्हते."

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. राहीला आतल्यांनी हाताला धरून वर ओढलं. बाकावर आधीच बसलेल्या बायांनी सरकून तिला वीतभर जागा केली. चंदनाबाईंनी हात केला आणि त्या माघारी निघाल्या. घरी चंदूची मंडळी सहाच्या गाडीनं जाणार. मग एका माणसाचा भात, मग दार लावायचं. महोत्सवाच्या इतिहासात त्यांचं नाव येणार होतं आणि त्या त्यात नव्हत्या. हे समजून-उमजून केलं होतं, तरी दुखत होतं. त्या दुकानांच्या रांगेपर्यंत पोचल्या.

मागून जीपच्या घरघरीवर चढलेला, भट्टीवरच्या पोरांना हाका मारून मारून कमावलेला राहीचा आवाज आला.

"ए राही!"

स्टँडवरची माणसं इकडंतिकडं बघायला लागली. कोणाला बोलावतेय ही म्हातारी?

चंदनाबाई वळल्या. लगेच.